अकोल्यात मी मुलीकडचा

पुण्याहून निघताना बायकोने विचारलं, "वऱ्हाडात आठवडाभर नेमकं काय बघणार?"

मी म्हटलं, "बसलेली माणसं."

कुठल्याही गावात उतरलो की मी देऊळ आणि किल्ला मागे ठेवतो. आधी शोधतो, तिथली मंडळी कुठे बसतात आणि कुणाची टिंगल करतात ती जागा.

अमरावतीत पहिल्याच संध्याकाळी एका बारमध्ये शिरलो. आत असा अंधार, की मेनूकार्ड नाकाला लावून वाचावं लागलं. सगळी माणसं क्रिकेटचा सामना बघत होती. शेजाऱ्याला स्कोअर विचारला, तर त्याने मान न वळवता टीव्हीकडे बोट दाखवलं. आमची मैत्री तिथेच आटोपली. दुसऱ्या दिवशी कॉलेजजवळच्या कॅफेत गेलो. तिथल्या भिंतीवर पॅरिस होतं आणि पोरं-पोरी इतक्या हळू बोलत होती, की मला खोकायचीही चोरी.

शेवटी एका गाडीवर गिला वडा (दह्यात भिजलेला उडदाचा वडा) खाताना गाडीवाल्याकडे मन मोकळं केलं. तो म्हणाला, "बसणारे लोकं पाह्याचे असन तं अकोल्याले जा, भाऊ. अमरावतीले कोणाले टाइम नाई." हे सांगायला त्याने गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली होती.

सकाळच्या एस.टी.ने निघालो. दोन्ही बाजूंना काळीभोर शेतं, त्यात फुटलेला कापूस. अकोल्यात भाजीबाजाराच्या कडेला कडुनिंबाखाली गजाननभाऊंची टपरी दिसली. दोन बाकडी, त्यांवर दाटीवाटीने माणसं, आणि सगळी एकदम बोलणारी. मला हवी ती जागा हीच.

चहा घेत मी गजाननभाऊंना विचारलं, "इथे रोज कोण कोण येतं हो?"

बाकड्यावरच्या मंडळींनी सरकून जागा केली. गजाननभाऊंनी खांद्यावरच्या फडक्याने बाकडं पुसलं. "बसा ना, पाव्हणे. असे उभे काहून?" आणि न मागता आलूबोंडा पुढे आला, वर तर्री (झणझणीत लाल रस्सा) ओतून.

शेजारचे फुलवाले काका म्हणाले, "आमचा विशाल रोज येते. बार्शीटाकळीच्या रस्त्याले वावर हाये त्याचं. कोबी, टमाटे, सारं सोता पिकवते. पोरगं म्हणजे सोनं."

"सुपारीचं खांड नाई तोंडात," गजाननभाऊ म्हणाले.

"आवाज चढवून बोलत नाई कोणाले," काकांनी भर घातली.

हा विशाल मला आवडू लागला होता. दुसरा बोंडा आला, तेव्हा काकांनी हळूच विचारलं, "पोरगी काय शिकली तुमची?"

"मला मुलगी नाही. मी पुण्याहून फिरायला आलोय."

बाकड्यावरून मोठा हशा उठला. मग उलगडा झाला. इकडे सोयरीक ठरण्याआधी मुलीकडचं कुणीतरी अनोळखी बनून मुलाच्या नेहमीच्या टपरीवर येऊन बसतं आणि चौकशी करतं. शेती करणारा मुलगा नको म्हणून विशालची आधीची स्थळं हातची गेली होती. अकोटचं हे स्थळ मोठ्या मुश्किलीने आलं होतं, आणि तिकडचा माणूस एवढ्यात येणार होता.

"मंग राजेहो, तुमाले खरं सांगाले काय हरकत?" काका सैलावले. "घोरते असा, का जागलीले (रात्रीच्या राखणीला) गेला तं रानडुकरं पयतात."

"भाव पाडला का व्यापाऱ्याच्या अंगावर धावते," गजाननभाऊ म्हणाले. "चुलतभावाच्या लग्नात नाचता नाचता बँडवाल्याचा ढोल फोडला त्यानं. अन मंग त्याचा ढोल दुरुस्त होईलोक याच्या जिवाले चैन नाई."

पलीकडच्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या गृहस्थांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मी अकोटचा," ते म्हणाले. "पोरीचा मामा."

गजाननभाऊंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. काका हारातलं एकेक फूल उगाच सरळ करू लागले. मी उरलेला बोंडा बशीत ठेवून दिला. एका पोराचं लग्न माझ्या पर्यटनाने मोडलं होतं.

मामा सावकाश उठले. "सोन्यासारखं पोरगं मी बाजारभर ऐकून आलो. चौकशीले गेलं का सारे देवच सांगतात. पोरगी माणसाले द्याची हाये. त्या घोरणाऱ्याले सांगा, सांजच्याले घरी येतो म्हना."

ते वळणापार गेल्यावर गजाननभाऊंनी तिसरा बोंडा माझ्यापुढे ठेवला.

घरी परतल्यावर हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती मेथी निवडत म्हणाली, "आमच्या काकांनीही केली होती चौकशी. तुमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात सकाळभर बसले होते."

संसाराला इतकी वर्षं झाली, आणि हे मला आज कळत होतं. "मग? काय म्हणाले लोक?"

"फार बोलतो, त्यातलं निम्मं पदरचं असतं, पण आला नाही तर दुकान ओस वाटतं."

ते अमृततुल्य आता नाही. तिथे कॅफे झालाय. रोज सकाळी मी तिथेच कॉफी पितो, आणि एखाद्या दिवशी गेलो नाही तर कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना नाव विचारलं. त्यांनी कानातला इअरफोन काढला. "का? काही काम होतं?"

"काम काही नाही," मी खुर्ची जवळ ओढली. "उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारलं, तर चार दोष सांगता आले पाहिजेत."