दोघांचा एक जून

"दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी? मग केक एकच कापता की दोन?"

काचेच्या पलीकडून तो असं म्हणला आन् हसला. मराठीत म्हणला. चांगल्या, स्वच्छ, शहरातल्या मराठीत. त्याच्या बाजूचा गोरा साहेब हसला न्हाई, कारण साहेबाला मराठी येत न्हाई. मला साहेबाची भाषा येत न्हाई. म्हणून मधी ह्या माणसाला बसवलेलं. मी त्याला मधलाच म्हणते. नाव त्यानं सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई.

मी आन् माझे मालक, आमी दोघं मुंबईला व्हिसा मागायला गेलो होतो. आमची लेक तिकडं परदेशात नर्स हाय. जावई बी तिकडंच, गोदामात कामाला, पाळ्या सारख्या बदलत्या. लेकीला सातवा लागला होता. पहिलटकरीण. मी तांड्यावर आशाताई हाय. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायचं, बाळंत होईस्तोवर बाजूला थांबायचं, हेच माझं काम. कुणाकुणाच्या सुनांचे हात धरून मी उभी राहिले. माझ्याच लेकीच्या वक्ताला मी नसणार, हे माझ्या डोक्यात कधी आलंच न्हाई.

काचेपुढं उभं राहिलो. बसायला खुर्ची न्हाई. साहेबानं आमचे दोन पासपोर्ट उघडून शेजारी शेजारी ठेवले. एकाकडं बघितलं, दुसऱ्याकडं बघितलं. परत पहिल्याकडं. दोन्हीत जन्मतारीख एकच. एक जून. साल तेवढं वेगळं.

आमच्या तांड्यावर कुणालाबी विचारा. माझी एक जून, नवऱ्याची एक जून, दिराची एक जून, शेजारणीची एक जून. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, लेकरू कधी जन्मलं? माझी आई म्हणली, ज्वारी हुरड्यात आली होती तवा. गुरुजी म्हणले, हुरड्याची तारीख रजिस्टरात बसत न्हाई. लिहून टाकली एक जून. मालकांचं माझ्या सासूनं सांगितलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. पोळा काय लपून येतो का? पंचांग काढलं असतं तर दोन मिनिटांत तारीख सापडली असती. पण तांड्यावरच्या लेकरासाठी पंचांग कोण काढतं. गुरुजींच्या स्वतःच्या पोराची तारीख मात्र बराबर होती. वाढदिवसाला वर्गात गोळ्या वाटायचे. आमी त्या गोळ्या खाल्ल्या आन् टाळ्या वाजवल्या.

मधला म्हणला, "साहेब विचारतायत, ही जन्मतारीख खरी आहे का?"

मी म्हणले, "कागदावर हीच हाय."

"ते दिसतंय हो. खरी आहे का? हो की नाही, एवढंच सांगा."

आता मी काय सांगू? रस्ताभर लेकीनं फोनवर बजावलेलं, याडी, तिथं खरं बोल, त्यांना खोटं चालत न्हाई. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मी खरं सांगितलं. सगळं सांगितलं. म्हणले, साहेब, तारीख गुरुजींनी अंदाजानं घातली. आई म्हणायची, हुरड्यात जन्मले. ह्यांचा जन्म पोळ्याचा. आमच्या सगळ्या तांड्याची हीच तारीख हाय, कागद सरकारचेच हायेत, आमी काय केलेलं न्हाई त्यात.

एवढं लांबलचक बोलले मी. मधला साहेबाकडं वळला आन् चार शब्द बोलला. चारच. त्यातला एक मला कळला. फेक.

तो शब्द मला येतो. करोनाच्या वक्ताला आरोग्य केंद्रात रोज तोच ऐकला. फेक मेसेज, फेक औषध, फेक डॉक्टर. आता मी फेक.

"मी फेक म्हणले न्हाई," मी म्हणले.

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका. साहेब बघतायत."

मध्ये मी बोलून राहिले म्हणे! मधी बसलेला तू, आन् मला म्हणतोस मध्ये बोलू नका.

साहेबानं अजून विचारलं. नोकरी हाय का? मी म्हणले, आशा हाय, मानधन मिळतं. मधल्यानं काय सांगितलं देव जाणे, साहेबानं मान हलवली. शेत किती? दोन एकर. गावात अजून काय हाय? घर हाय. परत कशावरून याल?

मी म्हणले, "परत येणार न्हाई तर जाणार कुठं? माझं घर इथं हाय. सोयाबीन उभं हाय."

हे मात्र मधल्यानं साहेबाला सांगितलंच न्हाई. उलट मलाच म्हणला, हळू आवाजात, चेहऱ्यावर हसू ठेवून, "तांडा ना तुमचा? मग एका जागी राहायची सवय कुठं आहे तुम्हा लोकांना?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आन् बाजूला माझे मालक हात जोडून उभे. दोन्ही हात जोडलेले, मान खाली, तोंडावर तेच हसू, जे ते फौजदारापुढं हसतात. गावात चोरी झाली की पोलीस आधी आमच्या तांड्यावर यायचे, तवाचं ते हसू हाय. मला मधल्याचा राग आला, त्याच्यापेक्षा त्या जोडलेल्या हातांचा आला. आन् मग स्वतःचा आला, कारण मी बी गप्पच राहिले.

पासपोर्ट परत दिले. संगं एक छापील कागद. बाहेर फूटपाथवर एका पोराकडून वाचून घेतला. तुमी परत जाल याची आमची खात्री पटली न्हाई, असं लिवलेलं. त्यात तारखेचं काहीच न्हाई. हुरड्याचं न्हाई, पोळ्याचं न्हाई. म्हणजे ज्यावरून हसले ते लिवलं न्हाई, आन् जे लिवलं ते नीट विचारलं बी न्हाई. मला तवापासून छापील कागदावर भरवसा राहिला न्हाई.

घरी आलो. कनेरगाव नाक्यावर उतरलो की तिथून आमचा तांडा पायवाटेनं आत हाय. तांड्यावर सगळे विचारायला आले. मालक म्हणले, "जमलं न्हाई." बस्स. तेवढंच.

आधीच्या दिवाळीत लेकीच्या दवाखान्यातली एक गोरी नर्स आमच्याकडं आलेली. भारत बघायला निघाली होती, म्हणली, मैत्रिणीचं गाव बघते. तिचा आपल्या देशाचा व्हिसा लेकीनं फोनवर भरून दिला आन् तो फोनवरच आला. कुणी काच लावली न्हाई, कुणी मधला बसवला न्हाई. आमच्या घरात झोपली, ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आणलं, बायांचे आरसे लावलेले घागरे बघून फोटो काढले. चांगली पोरगी होती, तिचा काय दोष. ती वापस जाईल का न्हाई, असं कुणाच्या मनात बी आलं न्हाई. पोलीस ठाण्यातला जमादार सुद्धा येऊन चहा पिऊन तिच्यासंगं फोटो काढून गेला. तोच जमादार आमच्या पासपोर्टच्या चौकशीला आला तवा माझ्याच बाजेवर बसून म्हणला होता, "तांड्यावरून डायरेक्ट परदेश? काय भानगड हाय, खरं सांग."

हिंगोलीत एक एजंट हाय, कागदं करून देतो. त्याच्याकडं गेलो. तो म्हणला, "काकू, तुमची चूक न्हाई. आपला पासपोर्टच हलका. त्यांचा दाखवला की दार उघडतं. आपला दाखवला की आधी विचारतात, काहून आलास?"

मी म्हणले, "हलका म्हणजे?"

"म्हणजे त्याला वजन न्हाई."

मी विचार करून राहिले. मधला बी इथलाच माणूस. त्याच्या खिशात बी हाच पासपोर्ट असंल, निळा, माझ्यासारखाच. तो कुठं जायला निघाला की त्याला बी कुणीतरी काचेमागून विचारत असंल, परत कशावरून जाशील? तिथं तो बी मान खाली घालत असंल. मग माझ्यावर काहून हसला? कारण त्याच्या खाली अजून कुणीतरी हाय, हे त्याला त्या दिवशी बघायला मिळालं. पासपोर्ट हलका असंल. पण आमाला हलकं त्याच्या आधीपासून धरलंय, आन् ते परदेशातल्या साहेबानं न्हाई धरलं.

एजंटानं खुर्ची पुढं ओढली. म्हणला, सोपं हाय. काकांची तारीख बदलून टाकू, तुमची बी. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सगळं माझ्याकडं लागलं. तुमी दवाखान्यात जन्मल्या असं दाखवू. आन् आशा न्हाई लिवायचं, सरकारी नर्स लिवायचं. पुढच्या बारीला बराबर होतं.

मालकानं लगेच मान हलवली. मी म्हणले, विचार करते.

संध्याकाळी लेकीचा फोन. एजंटाचं तिला आधीच कळालेलं, बापानं सांगितलं होतं.

"याडी, एवढं कर."

"अगं, तूच म्हणलीस खरं बोल."

"मी चुकले. याडी, मला भीती वाटून राहिली गं. इथं माझं कुणी न्हाई. एवढं एक खोटं बोल ना माझ्यासाठी."

नर्स हाय पोरगी माझी. दुसऱ्यांची बाळंतपणं करते. आन् फोनवर लहान लेकरासारखी रडली. माझं काळीज तुटलं. आई म्हणून मी त्या घडीला काय बी केलं असतं. खोटं बोलायला मला येत न्हाई असं बी न्हाई. मी काय देवमाणूस न्हाई, सासूशी जन्मभर गोड खोटं बोलले.

पण मला शंका आली. एजंट आज माझी तारीख बदलून देतो. उद्या त्या कागदावरून कुणी चौकशी काढली तर एजंट दुकान बंद करून बसंल आन् तिकडं माझ्या लेकीला काचेपुढं उभं करतील. तुझी आई खोटी, मग तू खरी कशावरून? आन् दुसरं असं की, त्या दिवशी मी फेक नव्हते. मी खरं बोलून फेक ठरले. आता खोटा कागद घेऊन गेले तर तो मधला खरा ठरतो. त्यानं माझ्याबद्दल जे म्हणलं ते मी माझ्या हातानं खरं करून देते. ते मी करणार न्हाई. त्याच्यासाठी तर न्हाईच न्हाई.

मी म्हणले, "बाई, मी खोटी तारीख घेऊन येणार न्हाई."

मग म्हणली, "तारीख मोठी का मी मोठी?"

मी म्हणले, "तू." आन् तरी बी न्हाईच म्हणले. तिनं फोन ठेवला. मालक माझ्याशी धड बोलेनात. त्यांना म्हणले, तुमाला राग यायचा तर येऊ द्या, पण सही करू नका. त्यांनी केली न्हाई.

एजंटाला जाऊन सांगितलं. तो म्हणला, "काकू, एवढ्याशा गोष्टीचा काहून ताण घेता? सगळेच करतात."

मी म्हणले, "सगळ्यांचं सगळे बघतील. मला न्हाई करायचं."

लेक बाळंत झाली. कळा सुरू झाल्यावर तिनं फोन लावला, राग बाजूला ठेवून. पडद्यावर तिचं तोंड घामानं डबडबलेलं. मी इथून म्हणून राहिले, श्वास सोड, हळू सोड, दात आवळू नको. शेकडो बायांना हेच सांगितलं, पण तवा हात हातात असतो. फोनमधून काय धरणार. मग तिकडच्या कुणीतरी फोन बंद करायला लावला. पडदा काळा झाला. मी तो काळा फोन छातीशी धरून ओसरीवर बसून राहिले, आन् मला रडू आलं ते थांबेना.

नात झाली. गोरीगोमटी, लेकीच्या नाकाची. तिची तारीख, वेळ, मिनिट सगळं पक्कं लिवलेलं. जावई म्हणला, तिचा पासपोर्ट तिकडचाच निघाला, मामी. कुठंबी जाईल, कुणी अडवणार न्हाई. मला आनंद झाला. आन् आतून एक सल बी टोचून राहिला. ही पोरगी माझ्या तांड्यावर कवाबी येऊ शकते. मी तिच्या पाळण्यापाशी जाऊ शकत न्हाई. एकाच रक्ताच्या दोन बाया, आन् जग एकीला या म्हणतं, दुसरीला परत कशावरून जाशील म्हणतं.

मी परत अर्ज भरला. एजंटाकडून न्हाई, उपकेंद्रातल्या सिस्टरनं बसून भरून दिला. तारीख तीच. दोघांची तीच. संगं एक साधं पान जोडलं, ही तारीख कुणी घातली, कशी घातली, ते मराठीत लिवून आन् खाली त्यांच्या भाषेत करून. काचेपुढं परत उभी राहणार. मधला तोच असो का दुसरा, त्याला आधीच सांगणार, मी दहा वाक्यं बोलले तर तुझी बी दहा झाली पाहिजेत, मी ऐकून राहिले. आता शंका मी घेणार. न्हाई म्हणले तर परत भरणार.

लेक अजून माझ्याशी मोजकंच बोलते. तिनं माफ केलेलं न्हाई, आन् मी माफी मागितलेली न्हाई. नातीला पहिल्या दिवसापासून सांभाळणारी तिकडची शेजारीण लेकीला विचारते, तुझी आई काहून आली न्हाई? लेक म्हणते, जमलं न्हाई. तिचा बाप बी हेच म्हणतो. तांडा बी हेच म्हणतो. सगळ्यांनी मिळून माझं न जाणं असं गुळमुळीत करून टाकलं.

नात मोठी होईल. एक दिवस मलाच विचारील, तू तवा काहून आली न्हाईस? मी तिला 'जमलं न्हाई' म्हणणार न्हाई. मला येऊ दिलं न्हाई, असं सांगणार. कुणी येऊ दिलं न्हाई, ते एकेक करून सांगणार.