पंचमीला कुदळ

माझे थोरले भाऊ, हवालदार बाबूराव जाधव, यांचं नाव आधी घेतो. ते शाळा सोडून पलटणीत गेले, म्हणून मी कोरेगावहून कॉलेजात जाऊ शकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आणि त्या सकाळी ती पदवी नोकरी राखायला पुरेल की नाही, या घोरात मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेर येरझाऱ्या घालत होतो. प्रोबेशन संपत आलं होतं.

सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी पब्लिसिटी असिस्टंट होतो. म्हणजे काय, ते गावी कुणाला नीट सांगता येईना. साहेबांच्या इंग्रजी नोटिसा मराठीत करायच्या, कॅन्टीनच्या लाऊडस्पीकरवर बोलायचं, कामगारांचं हाऊस मॅगझिन लिहायचं, कुणी रिटायर झालं की निरोपाचं भाषण तयार करायचं. थोडक्यात, वरचं खाली पोचवायचं. खालचं वर न्यायचं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

हातातली नोटीस अशी होती : नवीन प्रेस मशीन येत आहे. तिच्या फाउंडेशनची खोदाई नागपंचमीच्या शुभदिनी सुरू होईल. मुंबईहून चेअरमन येऊन पहिली कुदळ मारतील.

आमच्याकडे पंचमीला जमीन खणत नाहीत. घरात विळीसुद्धा आडवी ठेवतात. साहेब मुंबईचे. सण म्हणजे मुहूर्त, एवढाच त्यांचा हिशेब.

शेवटी आत जाऊन मी म्हणालो, "सर, त्या दिवशी कुणी खणणार नाही."

"कोण म्हणालं?"

"अजून कुणी नाही. नोटीस लागली की म्हणतील."

"मग लाव. तुझं काम भाषांतराचं. सल्ला मागितलेला नाही."

नोटीस दुपारी बोर्डावर हवी होती. मला जागेवर बसवेना. शॉपमध्ये जाऊन फोरमन अण्णा चौगुल्यांना कागद दाखवला. ते वाचून हसायलाच लागले.

"आवं जाधव, आमी जैन. आमच्यात मुंगीबी चुकवून चालत्यात. आन तुमी नागाच्या डोस्क्यात कुदळ घाला म्हनताय?"

"बाकीचे काय करतील?"

"शिराळ्याची पोरं पंचमीला नागाच्या जत्रंला गावालाच आसत्यात. उरलेली चेअरमनच्या म्होरं हात बांधून हुबी ऱ्हातील. नाक सायबाचं जाईल."

"आणि माझं?"

"तुमची नोकरी जाईल. नाक ऱ्हाईल!"

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "आदल्या दिवशी खणाल?"

"आदल्या दिवशी पाताळ लागंस्तवर उकरू की! पंचमीला तेवढं नगं."

मी न बोलावता परत केबिनमध्ये गेलो.

"खोदाई आदल्या दिवशी उरकू, सर. लोक तयार आहेत."

"मग चेअरमन हातात काय घेणार?"

"नारळ. नंतर काँक्रीटची पहिली पाटी. फोटो चांगला येईल."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर आहे तीच नोटीस लावीन. पण लाऊडस्पीकरवर दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा."

"बाहेर जा."

दुपारपर्यंत मी तीनदा कॅन्टीनला गेलो आणि तिन्ही वेळा चहा तसाच ठेवून आलो. शेवटी शिपायानं कागद आणून दिला. खोदाईचा दिवस लाल पेन्सिलीनं बदललेला होता, आणि कुदळ खोडून तिथे नारळ लिहिला होता. खाली सही होती, बाकी एक अक्षर नव्हतं.

पंचमीला चेअरमननी नारळ फोडला, पाटी टाकली, आणि कामगारांचा उत्साह पाहून साहेबांची पाठ थोपटली. माझी कुणी थोपटली नाही. नोटीस चिकटवायला खळ लागते. ती पाळली जावी असं वाटत असेल, तर चिकटवण्याआधी चार माणसांशी बोलावं लागतं. महिन्याभरानं मी दादांना लिहिलं :

तीर्थस्वरूप दादांस, शिरसाष्टांग नमस्कार.

मी नोकरीत कायम झालो. ऑफिसात नक्की काय करतोस, असं तुम्ही विचारलं होतं. साहेब अजून माझ्याशी तुसडेपणानंच बोलतात. पण काल शिफ्ट बदलण्याची नोटीस पुढे सरकवून म्हणाले, "जाधव, आधी खाली विचारून ये." मी गेलो. अर्धा तास सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. त्या जरा सौम्य करून मी साहेबांना सांगितल्या. हेच माझं काम आहे, दादा. मला ते आवडू लागलं आहे.

तब्येतीस जपावे.

आपला,
वसंत