साडेनऊचं जेवण

रक्तातल्या साखरेवरून इन्सुलिनचा डोस सांगणारं गणिती मॉडेल मी वर्ध्यातल्या एका दवाखान्यासाठी बनवलं. फॉर्म लांबतो म्हणून जेवणाच्या वेळेचा प्रश्न मीच काढून टाकला. सकाळचे साडेनऊ धरले, कारण मी तेव्हा जेवतो. रोहणा गावची एक बाई सकाळी तो डोस घेऊन कापूस वेचायला गेली. तिथं शिदोरी दुपारी दोनला सोडतात. ती त्याआधीच कापसाच्या पऱ्हाटीत कोसळली. चार दिवसांनी डोळे उघडले, तेवढंच.

"साहेब, तुमच्या कम्प्युटरनं सांगतलं तेवढंच देल्लं," तिचा नवरा म्हणाला. "मंग हे मले ओळखत काऊन नाई?"

साखर फार उतरली होती, एवढंच मी सांगितलं. माझी चूक सांगितली नाही. आता मॉडेल जेवणाची वेळ विचारतं. तो दर सोमवारी तिला दवाखान्यात घेऊन येतो आणि मला हात जोडतो.