निम्मा घासलेला बंब

माझ्या साडूंइतका संथ माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांना झाला नाही. रहिमतपूरला ते ड्रॉइंग मास्तर होते. वांगी आणायला पाठवलं तर किडकी आणत, कारण त्यांचा जांभळा चांगला असे. एका लग्नात नवरीऐवजी तिच्या हातातला तांब्याच न्याहाळत बसले, तेव्हा तिच्या मामानं तो उचलून घरात ठेवला. आणि एवढं न्याहाळूनही त्यांचं एकही चित्र कधी पुरं झालं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दिवाळीत ते सांगलीला आमच्याकडे आले आणि परसातल्या तांब्याच्या बंबावर त्यांचं मन बसलं. काजळी, पोचे, तोटीखालचे हिरवट डाग, सगळं जलरंगात उतरवायला घेतलं. "ह्यो एक पुरा करनार बघा. पर पेटवू नगा, धुरानं रंग बदलतो." सगळं घर गार पाण्यानं अंघोळ करू लागलं. बायको म्हणायची, "दाजी, बंब काढताय का त्येचं बारसं करताय?"

"दमा वो, हिरवा अजून वाळला न्हाई."

पहिल्या अंघोळीच्या आदल्या दिवशी बंब घासून, पाणी भरून त्याला कारिटाची वेल बांधायची आमची रीत. साडूंनी माझा हात धरला. "औंदा ऱ्हाऊ द्या, पावणं. निम्माच झालाय." मी बरं म्हणालो. ते दाढी करायला बाहेर पडले, आणि गार पाण्याला, त्यांच्या संथपणाला, सगळ्यालाच कंटाळून मी चिंच भिजत घातली.

ते परतले तेव्हा बंब लखलखत होता. मी बंबाकडे पाठ करून, हात मागे लपवून उभा राहिलो. "आवं, हिनं घासला. सण आला की कुनाचं ऐकत न्हाई." बायकोनं ते निमूट अंगावर घेतलं. साडू माझ्याकडे आणि बंबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. दिसंल तसं काढू."

चित्र पुरं झालं. डावीकडे डाग, उजवीकडे लखलखाट. लोक हसत. मीही वर्षानुवर्षं सांगत आलो, साडू जरा चक्रमच.

आता साडू नाहीत, हीही नाही. चित्र माझ्याकडे आलंय. परवा पेपर वाचायचं भिंग सहज त्यावर धरलं. बंबाच्या चकचकीत पोटावर नखाएवढा पाठमोरा माणूस आहे. मागे घेतलेले हात, बोटांना चिंचेचा तपकिरी. एवढ्याशा बोटांवरही ब्रश कुठं घाईनं फिरलेला नाही.

त्या सणानंतरही दर दिवाळीला ते यायचे. पहाटे माझ्या पाठीला उटणं चोळताना म्हणायचे, "हात म्होरं घ्या की, पावणं." आणि मी घ्यायचो.