शेंडीची घंटी

२४ जुलै १९९९, शनिवार, दुपारी पावणेचार. मंडळी, सायबर कॅफेत बसून आपल्या ई-मेल गटाला लिहितो आहे. सकाळचा प्रसंग डोक्यातून जात नाही.

माझा पुतण्या अनंत तिसरीत आहे. मे महिन्यात त्याची मुंज झाली, म्हणून डोक्यावर शेंडी आहे. इथली हिंदी शाळा उघडल्यापासून वर्गातली मुले ती ओढतात आणि ओरडतात, "ऐ पंडितजी, घंटी बजाओ, टन टन!" आज तो शाळेत जायलाच तयार नव्हता. शेवटी मी त्याला घेऊन थेट वर्गात गेलो.

वर्गाच्या बाईंनी, म्हणजे इथल्या भाषेत बहनजींनी, मला दाराशी थांबवले आणि सगळे ऐकून घेतले. शेंडी कोण ओढतो, हे त्यांनी विचारलेच नाही. त्या वर्गाला म्हणाल्या, "जब इसकी चोटी खींची गई, तब जो-जो हँसा, खड़ा हो जाए। मारूँगी नहीं।"

आधी एक मुलगी उठली, मग चौघे, मग जवळजवळ सगळा वर्ग. शेवटी अनंतही उभा राहिला.

"तू क्यों, बेटा?"

"मैं भी हँसता हूँ, बहनजी। हँस दो तो जल्दी छोड़ देते हैं।"

मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "अब नहीं खींचेंगे।"

मंडळी, "हसून सोडून दे रे" हे त्याला मीच शिकवले होते. तुम्ही आपल्या मुलांना काय सांगता? आज संध्याकाळी मला त्याला दुसरे काहीतरी सांगायचे आहे, आणि आधी त्याची माफी मागायची आहे.