जर्मनीला पाठवलेला तलाव

"बाबा, ही बाटली नक्की आपल्या तलावातलीच आहे ना?"

प्राचीचा जर्मनीतल्या लॅबमधून व्हिडिओ कॉल होता. माझी मुलगी तिथे एम.एस. करते. तलावाच्या पाण्यात तरंगणारा बारीक गाळ आणि त्याला चिकटून राहणारे धातू, हा तिचा विषय. तिकडच्या दोन तळ्यांशी तुलना करायला तिने दिग्रसजवळच्या आपल्या आजोळचा तलाव घेतला होता. मी यवतमाळला पाणी तपासणीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. त्यामुळे नमुना पाठवायचं काम माझ्याकडे.

"टर्बिडिटी किती आली?"

"दोन."

टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा. तो एनटीयू या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्यात पाचच्या वर नको. उन्हाळ्यात म्हशी डुंबत असताना त्या तलावाचा आकडा मी साठच्या खाली कधी पाहिलेला नाही.

"मशीन पुन्हा कॅलिब्रेट कर."

"तीनदा केलं, बाबा! सर म्हणतात, मीच नमुना गाळला आणि आता लपवते आहे. सोमवारपर्यंत खुलासा दिला नाही तर आपला तलाव प्रोजेक्टमधून बाहेर. मग माझ्याकडे उरतं काय? दोन जर्मन तळी. ती आधीच सगळ्यांनी तपासून झालीत."

मी बाकीचे आकडे मागवले. पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, खाली घसरलेला. ॲल्युमिनियम प्रमाणाबाहेर. गाळ नाही आणि ॲल्युमिनियम भरपूर, याचा माझ्या नोकरीत मला एकच अर्थ माहीत आहे. तुरटी.

नमुना भरला होता माझ्या मेहुण्याने, विलासने. धुतलेल्या बाटल्या मीच त्याला दिल्या होत्या. कुठे, किती खोल बुडवायच्या तेही सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दिग्रस आणि तिथून गाव गाठलं. विलास ओसरीत चहा पीत होता.

"विलास, तू पाण्यात तुरटी टाकली होती का?"

"टाकली नाही भाऊजी, फिरवली," तो छाती काढून म्हणाला. "हंड्यात रातभर निवळू देलं. मंग दुपट्ट्यानं दोनदा गाळलं. कोरा दुपट्टा होता."

"माहा होता," आतून त्याची बायको ओरडली.

"पण का?"

"काहून म्हणजे? जर्मनीले जाऊन राह्यलं होतं पाणी! तसं मातकट पाठवलं असतं तर गावाची काय इज्जत राह्यली असती? आन् पाणी नापास झालं का पोरगी नापास. मी मामा आहो तिचा!"

"अरे, तिला गाळच तपासायचा होता!"

"मंग गाळ मांगाचा ना, भाऊजी. तुमी पाणी मांगतलं."

डोकं धरून बसायला वेळ नव्हता. नव्या बाटल्या घेऊन तलावावर गेलो. विलास पुढे धावला आणि म्हशी हाकलायला लागला.

"राहू दे त्यांना!" मी ओरडलो.

पँट वर करून पाण्यात उतरलो. बाटल्या भरल्या, झाकणं घट्ट केली, प्रत्येकीवर जागा, वेळ आणि भरणाऱ्याचं नाव लिहिलं. विलासला एकाही बाटलीला हात लावू दिला नाही. घरी येऊन प्राचीच्या सरांना खुलासा लिहिला. तुरटी, हंडा, दुपट्टा, काही गाळलं नाही. लाज वाटली, पण त्या आकड्यांना दुसरं कारणच नव्हतं.

सरांचं उत्तर एका ओळीचं आलं: नवीन नमुना पाठवा. तो पोहोचला आणि टर्बिडिटी चौसष्ट भरली. तलाव प्रोजेक्टमध्ये राहिला.

विलास तेव्हा आमच्याकडेच आला होता. प्राचीने त्याला फोनवर ही बातमी दिली. "मामा, आपलं पाणी एकदम घाण निघालं! सर खूश आहेत."

विलास फोन ठेवून माझ्याजवळ सरकला. मग मला हळूच म्हणाला, "भाऊजी, हे गावात नका सांगू."

आमच्या लॅबच्या बाटल्यांवर आता मी चिठ्ठी लावतो: पाणी आहे तसंच भरावं, साफ करू नये. परवा एका गृहस्थाने ती माझ्यासमोर मोठ्याने वाचली आणि विचारलं, "साहेब, उकळून आणलं तर चालते ना?"