गटाबाहेरचा आकडा

सुदर्शन बोरकर वाशिमहून पुण्याला मानसशास्त्रात एम.ए. करायला आला, तेव्हा त्याला एकाच पेपरची धास्ती होती. सांख्यिकीची. गणिताशी पुन्हा संबंध नको म्हणून तर त्याने दहावीनंतर कला शाखा धरली होती, आणि इथे पहिल्याच सत्रात सरासरी, प्रमाण विचलन, सगळं सक्तीचं.

शिकवायला गोपाळकृष्ण केळकर सर. निवृत्तीला आलेले. "गणित येत नाही म्हणून इकडे आलात ना? फसलात," हे त्यांचं वर्गातलं पहिलं वाक्य. पण शिकवायचे छान. सुदर्शनला हळूहळू चक्क गोडी लागली. वारज्याच्या खोलीत तो उदाहरणं सोडवत बसायचा आणि डोकं ठणकायला लागलं की कपाळाला बाम चोळून पुन्हा वही उघडायचा. डोकं बरेचदा ठणकायचं. फोनवर आईला, मथुराबाईंना, सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अभ्यासानं दुखत असंन. चष्मा करून घे." त्याने चष्मा करून घेतला.

सप्टेंबरात सरांनी प्रकल्प दिला. तोंडी परीक्षेच्या आधी आणि नंतर वर्गातल्या प्रत्येकाचा रक्तदाब घ्यायचा आणि ताणाने तो किती वाढतो ते काढायचं. सुदर्शनच्या गटातल्या पूर्वाने आजोबांचं बीपीचं मशीन आणलं. सुदर्शनच्या दंडाला पट्टा बांधला, तर आकडा आला एकशे शहाण्णव. दुसऱ्या दंडालाही जवळपास तेवढाच.

"मशीन गंडलंय," कोणीतरी म्हणालं. पुढच्या मुलीचं मात्र नीट आलं.

"आमच्याकडचं ऊन आहे ते, उतरायला वेळ लागणार," सुदर्शन म्हणाला. सगळे हसले.

सरांनी आलेख पाहिला. सगळे ठिपके एका घोळक्यात आणि एक एकटाच वर. "हा आउटलायर. इतका लांबचा आकडा ठेवलात तर सरासरी फसवी निघेल. काढून टाका आणि खाली टीप द्या." तो आकडा कोणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. प्रकल्पाचं कौतुक झालं.

नोव्हेंबरात परीक्षा तोंडावर आली आणि सुदर्शनला फळ्यावरचं दिसेनासं झालं. जिना चढताना धाप लागायला लागली. खोलीत सोबत राहणाऱ्या अनिरुद्धने त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहून विचारलं,

"याआधी कधी बीपी मोजलं होतं?"

"एकदा. कॉलेजात. एकशे शहाण्णव होतं."

"मग काय केलं?"

"काढून टाकलं."

बाईंना कळलं नाही. त्याने समजावून सांगितलं. त्यांनी रिपोर्ट पुन्हा चाळला. मग म्हणाल्या, "मूत्रपिंडं दोन्ही गेली आहेत. हे बरेच दिवसांचं आहे. तेव्हा आला असतास तरी ती वाचली असती असं नाही सांगता येणार. डोळ्यांचं नुकसान कदाचित कमी झालं असतं."

वडील नागोराव एसटी डेपोत मेकॅनिक. ते रजा टाकून आले. मूत्रपिंड द्यायला दोघंही तयार होते, पण मथुराबाईंना साखरेचा आजार आणि नागोरावांच्या तपासणीत त्यांचंच एक मूत्रपिंड निकामी निघालं. सुदर्शनचं नाव प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत गेलं आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं. नागोराव एकटे परतले. मथुराबाई वारज्यात राहिल्या.

एक दिवस केळकर सर खोलीवर आले. मथुराबाईंनी त्यांच्यासाठी चहा टाकला. "लय नाव काढते तो तुमचं," त्या म्हणाल्या. त्यांना प्रकल्पाचं काहीच ठाऊक नव्हतं. चहाचा कप देऊन त्या आत गेल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, "आकडा कोणाचा, एवढं तरी मी विचारायला हवं होतं."

"मला तर माहीत होतं ना सर, माझा आहे म्हणून. मीही दवाखान्यात गेलो नाही."

सरांचा चहा तसाच राहिला.

पुढच्या वर्षी सुदर्शन त्याच वर्गात पुन्हा बसला. डायलिसिसच्या दिवशी तास बुडायचे, ते सर शनिवारी त्याला एकट्याला शिकवायचे. मोठ्या अक्षरात लिहायचे. दोघांत पेपराखेरीज दुसरा विषय निघत नसे.

सांख्यिकीच्या पेपरच्या आदल्या दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. एक मूत्रपिंड उपलब्ध होतं, लगेच या, काही खाऊ नका. मथुराबाईंनी देवापुढे हात जोडले आणि रिक्षा बोलावली. तिथे खडकीची एक बाईही आली होती. अशा वेळी दोघांना बोलावतात, जुळणी ज्याची चांगली त्याला मिळतं. संध्याकाळी बाईला आत नेलं. तिच्या नवऱ्याने जाता जाता सुदर्शनच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येऊन मथुराबाईंनी बिनमिठाची खिचडी टाकली. "उद्या जाशील का पेपरले?" त्यांनी विचारलं.

"जाईन."

तो गेला. निकालात विषय सुटला, थोडक्यात सुटला. यादीत त्याचं नाव अजून आहे.